हाडांची खबर

(हाडे शरीराच्या आत असतात, म्हणून ती झिजू लागली तरी ते आपल्याला दिसत नाही. हाड मोडल्यावरच बहुतेक वेळा हा झिजेचा प्रकार उघडकीस येतो. ही खबर आधीच मिळावी यासाठी शास्त्रज्ञ हातात मावणारी लहान उपकरणे तयार करत आहेत. ही उपकरणे कशी चालतात, त्यांच्या वाटेत कोणत्या अडचणी आहेत आणि आपली हाडे आपण कशी जपावीत, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

मे महिन्यातील दुपार. अकोल्याच्या रस्त्यांवर शुकशुकाट आहे. पारा ४५ अंशांच्या वर गेला आहे. दुकानांसमोरचे पडदे खाली ओढलेले आहेत. घराघरांत कूलर घरघरत आहेत. जो तो सावली शोधतो आहे. अमरावतीतही हीच स्थिती. वऱ्हाडात एक वेळ पाण्याला तोटा असेल, पण उन्हाला नाही, असे लोक हसत हसत म्हणतात.

अशा गावातील एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात एक दादी आहेत. वय सुमारे पासष्ट वर्षे. पहाटे उठणे, अंगण झाडणे, नातवंडांना वेळेवर शाळेत पाठवणे, सगळे त्या करतात. एके सकाळी ओल्या मोरीत त्यांचा पाय घसरला. त्या काही उंचावरून पडल्या नाहीत. उभ्या होत्या तेथेच खाली आल्या. तरीही खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दादी, तुमची हाडे फार ठिसूळ झाली आहेत. हे आजचे नाही. दहा-पंधरा वर्षांपासून चालले असेल."

घरातील सगळे चकित झाले. "पण डॉक्टरसाहेब, यांनी कधी तक्रार केली नाही!"

त्यावर दादीच म्हणाल्या, "बेटा, मला कळलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

हे घर कल्पनेतील आहे. पण अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. दादींचा प्रश्नही खरा आहे. ताप आला की अंग तापते. दात किडला की ठणकतो. हाड मात्र झिजताना दुखत नाही, सुजत नाही, आवाज करत नाही. मग त्याची खबर वेळेवर मिळवायची कशी?

हे समजून घेण्यासाठी आधी हाड म्हणजे काय ते पाहू. अकोला जिल्ह्यातील बाळापूरचा किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या भक्कम विटांच्या भिंती दोनशेहून अधिक वर्षे उभ्या आहेत. त्यातील वीट एकदा बसवली की बसली. हाडही आपल्याला असेच वाटते: कडक, कोरडे आणि न बदलणारे. प्रत्यक्षात हाड जिवंत असते. त्याच्यात रक्तवाहिन्या असतात. त्याच्यात दोन प्रकारचे कारागीर सतत काम करत असतात. एका प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड बांधतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातील सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. चालताना, ओझे उचलताना हाडाला बारीक तडे जातात. हे कारागीर नसते तर ते तडे वाढतच गेले असते.

लहानपणी आणि तरुणपणी बांधणारे कारागीर पुढे असतात, म्हणून हाडे वाढतात आणि मजबूत होतात. विशी-तिशीच्या दरम्यान हाडांची ताकद सर्वांत जास्त असते. पुढे काही वर्षे दोघांचे काम बरोबरीने चालते. उतारवयात मात्र पोखरणारे पुढे जातात आणि बांधणारे मागे पडतात. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हा फरक वेगाने वाढतो, कारण हाडांचे रक्षण करणारे एक संप्रेरक शरीरात कमी होते. हाडातील बारीक जाळी विरळ होत जाते. बाहेरून हाड तेवढेच दिसते. आतून मात्र ते पोकळ होत जाते. यालाच हाडांचा ठिसूळपणा किंवा 'ऑस्टिओपोरोसिस' म्हणतात.

हाड बांधायला मालही हवा. त्यातील मुख्य माल म्हणजे कॅल्शियम. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. उरलेले थोडेसे रक्तात आणि इतर भागांत असते. पण हृदय आणि स्नायू चालण्यासाठी ते फार आवश्यक आहे. आहारातून कॅल्शियम मिळाले नाही, तर शरीर ते हाडांतून काढून रक्तात आणते. म्हणजे घराची भिंत पोखरून चूल चालू ठेवण्यासारखे ते होते.

कॅल्शियम नुसते खाऊन भागत नाही. ते आतड्यातून रक्तात जावे लागते. हे काम ड जीवनसत्त्वाच्या मदतीने होते. ड जीवनसत्त्व कमी असले, तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्केच शरीराला मिळते. हे जीवनसत्त्व अन्नात फार थोडे असते. ते मुख्यतः आपल्या त्वचेत तयार होते आणि त्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात.

येथे एक नवल आहे. ज्या देशात ऊन एवढे, त्याच देशात ड जीवनसत्त्वाची उणीव आढळते. २०१६ ते २०१८ या काळात भारतात मुलांच्या पोषणाचे एक मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २४ टक्के जणांत या जीवनसत्त्वाची उणीव दिसून आली. म्हणजे चार जणांच्या बाकावर जवळजवळ एक जण! कारण सोपे आहे. ऊन अंगणात असते आणि आपण घरात असतो. कडक ऊन टाळण्यासाठी आपण सावलीत राहतो, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळतो. गल्ल्या अरुंद असतात, घरे एकमेकांना चिकटलेली असतात. खिडकीच्या बंद काचेतून उजेड येतो. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेत अडतात. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ ऊन लागते.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट आहे. मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल तेथील गावकरी अनेक वर्षे तक्रार करत आले आहेत. मूत्रपिंडाचा आणि हाडांचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व तसेच वापरता येत नाही. ते आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलते. त्यानंतरच ते पुरते कामाला येते. म्हणून ज्याचे मूत्रपिंड दीर्घकाळ बिघडलेले असते, त्याची हाडेही दुबळी होतात. अशा रोग्याच्या हाडांवर वरचेवर लक्ष ठेवावे लागते.

आता हाडांची मोजणी कशी करतात ते पाहू. हाड मोडले की डॉक्टर क्ष-किरण चित्र काढतात, हे तुम्हांला माहीत आहे. मोडलेले हाड त्यात स्पष्ट दिसते. परंतु झिजलेले हाड ओळखायला हे साधे चित्र उपयोगी पडत नाही. हाडातील तीस टक्के किंवा त्याहून अधिक खनिज नाहीसे झाल्यावरच झीज त्यात दिसू लागते. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

यासाठी 'डेक्सा' नावाचे यंत्र वापरतात. रोगी एका टेबलावर झोपतो आणि दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण त्याच्या कमरेतून आणि खुब्यातून जातात. हाडात किती किरण अडले, यावरून हाडाची घनता काढतात. ही घनता निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीशी ताडून पाहतात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी या मोजणीची सीमा ठरवून दिली. उत्तर उणे अडीच किंवा त्याहून खाली आले, तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात. ही तपासणी चांगली आहे. पण यंत्र मोठे आणि महाग आहे. ते प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते.

गावोगावच्या आरोग्य शिबिरांत तुम्ही दुसरे एक लहान यंत्र पाहिले असेल. त्यात पायाची टाच ठेवायला सांगतात. हे यंत्र टाचेच्या हाडातून ध्वनिलहरी पाठवते आणि हाड कसे आहे याचा अंदाज देते. ते उचलून कोठेही नेता येते. त्याचे उत्तर मात्र अंदाजच असते. टाचेच्या यंत्राने शंका दाखवली, तर पुढची तपासणी करून घ्यावी लागते.

या दोन्ही यंत्रांत एक उणीव आहे. ती हाडाची आजची स्थिती सांगतात. हाड कोणत्या दिशेला चालले आहे हे लवकर सांगत नाहीत. समजा, दादींना औषध सुरू केले. ते लागू पडते आहे की नाही, हे डेक्साने कळायला एक ते दोन वर्षे लागतात. तोपर्यंत दादी रोज गोळी घेणार आणि रोज विचारणार, "याचा काही फायदा होतोय का?"

या प्रश्नाचे उत्तर रक्तात आहे. हाड म्हणजे नुसते कॅल्शियम नव्हे. त्याच्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. पोखरणारे कारागीर हाड तोडतात, तेव्हा या धाग्यांचे बारीक तुकडे रक्तात येतात. त्यांतील एका तुकड्याला 'सीटीएक्स' म्हणतात. बांधणारे कारागीर काम करतात, तेव्हाही काही विशेष पदार्थ रक्तात उतरतात. त्यांतील एकाला 'पी-वन-एन-पी' म्हणतात. बांधकामाच्या ठिकाणाहून बाहेर पडणारा मलबा आणि आत जाणाऱ्या विटा मोजल्या, तर आत पाडकाम जास्त चालले आहे की बांधकाम, हे कळेल. तसेच हे आहे. औषध लागू पडले तर या पदार्थांतील बदल तीन ते सहा महिन्यांत दिसतो. २०११ साली हाडांच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी हेच दोन पदार्थ मोजण्यासाठी प्रमाण म्हणून सुचवले.

रक्तातील हे पदार्थ मोजण्यासाठी आज रक्ताचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. चिखलदऱ्याच्या डोंगरातील किंवा खारपाणपट्ट्यातील एखाद्या खेड्यातून नमुना शहरात जाणार, तेथे यंत्रावर तपासला जाणार आणि मग उत्तर परत येणार. हा सारा प्रवास टाळून, बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबावर दवाखान्यातच ही तपासणी करता आली तर? येथेच जैवसंवेदक पुढे येतो.

जैवसंवेदक हा शब्द नवा वाटला, तरी वस्तू तुमच्या ओळखीची आहे. मधुमेह झालेली माणसे घरी बोट टोचून साखर मोजतात ना? ते छोटे यंत्र म्हणजे ग्लुकोमीटर. तो जैवसंवेदकच आहे. या कल्पनेचे जनक अमेरिकेतील शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क मानले जातात. १९६२ साली त्यांनी ग्लुकोज ओळखणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, विजेच्या इलेक्ट्रोडला जोडण्याची कल्पना मांडली. पुढे १९७० च्या सुमारास साखर मोजण्याचे पहिले लहान यंत्र बाजारात आले. ते वेगळ्या पद्धतीचे होते. पट्टीचा रंग पाहून ते साखर मोजत असे. त्याचे वजन किलोभराहून अधिक होते. १९८७ साली पेनाएवढे, विजेच्या पद्धतीने चालणारे यंत्र आले. आज ते कोणाच्याही पिशवीत असते.

प्रत्येक जैवसंवेदकाचे दोन भाग असतात. पहिला भाग ओळखणारा. रक्तात हजारो पदार्थ असतात. त्यांतून आपल्याला हवा तोच पदार्थ तो पकडतो. हे काम विकर किंवा प्रतिपिंड करतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागते, तसे प्रतिपिंडाला त्याचाच पदार्थ चिकटतो. दुसरा भाग सांगणारा. पदार्थ पकडला गेला की तेथील वीजप्रवाहात किंवा रंगात सूक्ष्म बदल होतो. हा बदल टिपून त्याचा आकडा पडद्यावर दाखवण्याचे काम दुसरा भाग करतो. हाडांच्या जैवसंवेदकात पट्टीवर सीटीएक्स ओळखणारे प्रतिपिंड बसवतात. रक्ताचा थेंब पट्टीवर पडला की सीटीएक्सचे तुकडे त्यांना चिकटतात. जेवढे तुकडे अधिक, तेवढा विजेतील बदल अधिक.

मग साखरेचे यंत्र घरोघरी पोहोचले आणि हाडांचे का नाही? याचे पहिले कारण प्रमाणाचे आहे. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात सुमारे एक ग्रॅम साखर असते. सीटीएक्स मात्र इतके थोडे असते की एक ग्रॅम जमवायला सुमारे तीस लाख लिटर रक्त लागेल. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर तुम्ही पाहता. दहा हजार लिटरचे तीनशे टँकर एका रांगेत उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यात चिमूटभर साखर विरघळवा. ती साखर एका थेंबावरून ओळखायची, असे हे काम आहे! शास्त्रज्ञांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण, कार्बनच्या बारीक नळ्या असे पदार्थ वापरून पट्टीची जाण वाढवली आहे. प्रयोगशाळांत अशा पट्ट्या चालल्या आहेत. सर्वसाधारण दवाखान्यात रोज वापरण्याइतक्या त्या अजून रुळलेल्या नाहीत.

दुसरे कारण आपल्या उन्हाचे आहे. प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि प्रथिन उष्णतेने बिघडते. अंडे उकडले की ते पुन्हा पातळ होत नाही, हे तुम्ही पाहिले आहे. साखर मोजण्याच्या पट्ट्यांवरही बहुधा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना छापलेली असते. मग ज्या खेड्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी वीजही जाते, तेथे पट्टी खरे सांगेल का? थंड देशात तयार झालेली पट्टी येथे आधी तपासून पाहावी लागेल. वऱ्हाडचा उन्हाळा ही अशा उपकरणाची खरी परीक्षा आहे.

तिसरी अडचण आकड्याचा अर्थ लावण्याची आहे. सीटीएक्स दिवसभर सारखे नसते. ते पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते. जेवल्यावरही ते उतरते. म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी घ्यावा लागतो. आणखी एक गंमत ऐका. दादींचे सीटीएक्स वाढले तर डॉक्टर काळजी करतील. पण तुमच्या रक्तात ते दादींपेक्षा कितीतरी अधिक असते आणि ते अगदी ठीक आहे! तुमची हाडे वाढत आहेत. तुमच्याकडे पाडकाम आणि बांधकाम दोन्ही जोरात चालले आहे. हाड मोडून जुळत असतानाही हे पदार्थ काही महिने वाढलेले असतात. म्हणजे यंत्र आकडा देते, पण त्याचा अर्थ वय, वेळ आणि रोग्याची स्थिती पाहून डॉक्टरांनीच लावायचा असतो. हाडे ठिसूळ झाली आहेत हे एकट्या पट्टीवरून ठरत नाही. डेक्सा स्थिती सांगते, पट्टी दिशा सांगते. दोघी मिळून खबर पूर्ण होते.

लहान तपासणी खेड्यापर्यंत पोहोचू शकते, हे मात्र आपण पाहिले आहे. कोरोनाच्या साथीत काही मिनिटांत उत्तर देणारी पट्टी गावोगाव पोहोचली. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील काही समाजांत आढळतो. त्यात रक्तातील पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना होतात. २०२३ साली भारत सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट ठरले. थेंबभर रक्तावर जागच्या जागी उत्तर देणाऱ्या चाचण्यांमुळे असे मोठे काम हाती घेता येते. जी वाट साखरेने आणि सिकलसेलने धरली, ती हाडांच्या तपासणीलाही मिळेल, अशी आशा आहे. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत मुलांच्या हाडांच्या वाढीवर अनेक वर्षे अभ्यास चालू आहे. निरोगी भारतीय मुलाची हाडे कशी असतात, हे अशा अभ्यासातून कळते. त्याशिवाय कोणत्याही यंत्राच्या आकड्याला अर्थ येत नाही.

मित्रांनो, पट्टी येईल तेव्हा येईल. तुमच्या हाडांतील बांधकाम मात्र आजच चालू आहे. सांगाड्याची बहुतेक ताकद अठरा-वीस वर्षांपर्यंत तयार होते. हे दिवस पुन्हा येत नाहीत. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सांगितले आहे. एक पेला दुधात त्याचा साधारण चौथा हिस्सा मिळतो. दही, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याची पाने, हिरव्या भाज्या यांतूनही ते मिळते. तिळाची चटणी आणि ज्वारीची भाकरी हे वऱ्हाडी जेवण उगीच टिकून राहिलेले नाही.

ऊनही घ्या, पण अक्कल वापरून. मे महिन्यातील भर दुपारच्या उन्हात उभे राहिले तर उष्माघात होईल. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हा सूर्यप्रकाशात उपयोगी किरण पुरेसे असतात. वऱ्हाडात उन्हाळ्यात ही वेळ सकाळी नऊच्या सुमारास सुरू होते, तर डिसेंबरात दुपारी बाराच्या आसपास येते. हात, पाय आणि चेहरा यांवर थोडा वेळ ऊन पडले तरी लाभ होतो. ज्यांना बाहेर जाता येत नाही, त्यांच्यासाठी घराचे अंगण किंवा गच्ची आहे. धावणे, दोरीवरच्या उड्या, कबड्डी यांमुळे हाडांवर भार पडतो आणि बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. अंतराळवीरांचे वजन तेथे जाणवत नाही, हाडांवर भार पडत नाही; म्हणून त्यांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. आपण अंतराळात नाही, पण दिवसभर बसून राहिलो तर आपली हाडेही आळसावतात. तंबाखू, खर्रा आणि बिडी-सिगारेट हाडांच्याही शत्रू आहेत.

आणि घरातील दादी-नानींना विसरू नका. मोरीतील ओल पुसून घ्या. रात्री त्यांच्या वाटेवर दिवा ठेवा. थोड्या पडण्याने मनगट मोडले, उंची कमी झाली, पाठीला बाक आला, तर "वय झाले" असे म्हणून सोडून देऊ नका. त्यांना दवाखान्यात घेऊन जा. हाड स्वतः बोलत नाही. म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. उद्या हे काम एक छोटी पट्टी करील. आज ते काम तुमचे आहे.

शब्दार्थ

शुकशुकाट - सामसूम, कोणी नसणे
मोरी - घरातील धुण्या-नाहण्याची जागा
खुबा - मांडीचे हाड कमरेला जेथे जोडले जाते ती जागा
ठिसूळ - सहज मोडणारे
उतारवय - म्हातारपण जवळ येण्याचे वय
संप्रेरक - शरीरात तयार होऊन रक्तातून काम करणारा पदार्थ, हार्मोन
मूत्रपिंड - रक्त गाळून लघवी तयार करणारा अवयव, गुर्दा
यकृत - जिगर
विकर - शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, एन्झाइम
प्रतिपिंड - ठरावीक पदार्थाला ओळखून चिकटणारे प्रथिन
जैवसंवेदक - सजीवांतील पदार्थाच्या मदतीने एखादा पदार्थ ओळखून मोजणारे उपकरण
आनुवंशिक - आईवडिलांकडून मुलांकडे येणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हाड पोखरणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशींत उतारवयात काय फरक पडतो?
(आ) ड जीवनसत्त्व शरीरात मुख्यतः कोठे तयार होते?
(इ) जैवसंवेदकाचे दोन भाग कोणते?
(ई) सीटीएक्ससाठी रक्ताचा नमुना केव्हा घ्यावा लागतो?

२. कारणे लिहा.
(अ) भरपूर ऊन असूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची उणीव आढळते.
(आ) मूत्रपिंड बिघडले की हाडेही दुबळी होतात.
(इ) शाळकरी मुलाच्या रक्तात सीटीएक्स जास्त असले तरी काळजीचे कारण नसते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) साखरेची पट्टी घरोघरी पोहोचली, हाडांची का नाही?
(आ) 'डेक्सा स्थिती सांगते, पट्टी दिशा सांगते' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. खालील शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
खबर, नमुना, मजबूत, फरक, वजन

५. उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. खालील शब्दांपुढे तो, ती किंवा ते लिहा.
हाड, पट्टी, दवाखाना, रक्त, सावली, थेंब, यंत्र

६. उपक्रम
शाळेच्या मैदानावर एक सरळ काठी उभी करा. सकाळी आठपासून दर तासाला तिच्या सावलीची लांबी मोजून लिहून ठेवा. सावली काठीपेक्षा आखूड केव्हा झाली, ते पाहा. हाच प्रयोग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात करून दोन्ही नोंदींची तुलना करा.